आपण परप्रांतीय होतो तेव्हा

जांब समर्थ हे गाव ओळखलं जातं ते गाव सोडून गेलेल्या माणसामुळं. घनसावंगी तालुक्यातल्या या गावी १६०८ च्या रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. पुढं आसनगावच्या मांडवात ‘सावधान’ कानावर पडताच तो बारा वर्षांचा नवरदेव निसटला, ही कथा इथल्या पोरासोरांना तोंडपाठ असते. नाशिकजवळची टाकळी, मग देशभर भ्रमंती, मग चाफळ, शेवटी सज्जनगड. चोवीस वर्षांनी आईला भेटायला आला, असं परंपरा सांगते. थोरले भाऊ गंगाधरपंत मात्र जांबलाच राहिले. घर, म्हातारी आई, रामाची पूजा हे सगळं त्यांच्या अंगावर पडलं. त्यांनाही ‘श्रेष्ठ’ म्हणून मान आहे, त्यांनी ग्रंथही लिहिले, पण गावाच्या नावाला चिकटला तो धाकटा. मराठवाड्यात कुठल्याही घरी आज हीच वाटणी दिसते. एक पोरगा वाळूजला नाहीतर चाकणला, दुसरा बापाजवळ. गेलेल्याचं कौतुक, राहिलेल्याच्या वाट्याला सातबारा आणि सोसायटीचं कर्ज.

जाणाऱ्यांची गोष्ट आपण फार सांगतो. दिवाळी उरकली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं, बारावीनंतर पुण्यात खोलीत सहाजण मिळून राहणारी पोरं. येणाऱ्यांची मात्र कुणी नोंद घेत नाही. जालन्याच्या स्टीलच्या कारखान्यांत भट्टीपुढं उभे असतात ते बिहार, उत्तर प्रदेशचे. आणि पाऊस दगा देतो, २०१२-१३ सारखं साल उगवतं, तेव्हा घनसावंगी-अंबडच्या कच्च्या रस्त्यांवर रात्री-अपरात्री अवजड गाड्यांची जोडी येऊ लागते. एकीवर बोअर घ्यायचं यंत्र, दुसरीवर रॉड आणि बाकीचं सामान. नंबर प्लेटवर बहुधा टीएन. तमिळनाडूत, नामक्कल जिल्ह्यात, तिरुचेंगोडे नावाचं शहर आहे. बोअरच्या गाड्यांचं ते माहेर. तिथल्या गाड्या देशभर फिरतात आणि महिनोन्‌महिने घरी परतत नाहीत.

जांबजवळच्या एका शिवारात अशी गाडी लागली होती, तेव्हा मी बांधावर बसलो होतो. पाणाड्यानं तळहातावर नारळ आडवा धरून जागा दाखवलेली, तिथं लिंबू कापून अगरबत्ती लावलेली. मुरूम केव्हाच संपला होता. काळा दगड लागला होता आणि भुकटी उडून सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मालक बघत होता जमिनीकडं, पण डोक्यात चालला होता फुटांचा हिशेब.

“अण्णा, किती गेलं?”

“दोनशे चाळीस.”

उत्तर मराठीत आलं. विशीतलं पोरगं, तोंडाला रुमाल, अंगात एकेकाळी निळा असलेला टी-शर्ट. हिंदी त्याची तोडकीमोडकी, पण मराठी आकडे चोख. पैसे फुटावर असतात, तेव्हा आकड्यात गफलत परवडत नाही.

“मांजऱ्या लागला का?” मालकानं विचारलं.

“नाय काका. काला.”

म्हणजे मांजऱ्या दगड कशाला म्हणतात हेही त्याला कळलं होतं. पुण्यात वाढलेल्या माझ्या भाच्याला हे कळणार नाही. दुपारी घरातून भाकरी आणि पिठलं आलं. पोरांनी पिठलं आवडीनं घेतलं, भाकरीचा एकेक तुकडा मोडला आणि गाडीच्या सावलीत आपला भात शिजत ठेवला. आमच्याकडं नुसता भात जेवायचा म्हणजे माणूस आजारी असावा लागतो. मालकाच्या आईनं चौकशीही केली, “लेकरांना बरं नाही का?”

मी तंजावरची चौकशी केली. “नजदीक. चार घंटा,” पोरगा म्हणाला. हे ऐकून मालक खुलला. “तंजावरला आपले राजे होते, माहीत हाय का?” पोरानं मान हलवली, कितपत समजलं कोण जाणे, आणि पुढचा रॉड चढवायला उठला.

‘आपले राजे होते.’ तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरासमोर महाराष्ट्रातून आलेल्या सहलीची बस थांबली की हेच वाक्य ऐकू येतं. खरंच आहे ते. पण त्याचा दुसरा अर्धा भाग आपण गिळून टाकतो. ते राजे, त्यांचे सरदार, कारकून, भटजी, आचारी आणि कीर्तनकार त्या शहरात परप्रांतीय होते. भाषा वेगळी, जेवण वेगळं, लुगडं नेसायची तऱ्हा वेगळी. पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ परक्या शहरात राहणं त्यांनी कसं निभावलं, हे मला राजांच्या लढायांपेक्षा फार महत्त्वाचं वाटतं.

व्यंकोजीराजे विजापूरकरांच्या कामगिरीवर दक्षिणेत गेले आणि १६७५-७६ च्या सुमारास तंजावर त्यांच्या हाती आलं. तोवर तिथं नायकांचं राज्य होऊन गेलं होतं. नायक तेलुगू. म्हणजे तमिळ मुलखात दरबारची भाषा आधीच तेलुगू होती, विद्वानांची संस्कृत. किनाऱ्यावर तरंगमबाडीला १६२० पासून डेन्मार्कवाल्यांची वखार, नागूरला सूफी संताचा दर्गा. अशा गजबजलेल्या घरात मराठी माणूस शेवटचा पाहुणा म्हणून शिरला, हातात तलवार घेऊन का असेना.

त्याच्या मागोमाग जांबचं नावही पोचलं. रामदासी परंपरा सांगते की समर्थ स्वतः तंजावरला गेले आणि शिष्य भीमस्वामींना तिथल्या मठावर ठेवून आले. अनंत मौनींचा मठ मन्नारगुडीला झाला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, भाताच्या खाचरांमध्ये, मनाचे श्लोक म्हणणारे मठ उभे राहिले. आणि उलट दिशेनंही काहीतरी आलं. सज्जनगडावरच्या राम-लक्ष्मण-सीतेच्या मूर्ती तंजावरच्या अंध कारागिरानं घडवल्या आणि समर्थांच्या निर्वाणाआधी थोडे दिवस, १६८२ मध्ये, त्या गडावर पोचल्या असं मानतात. सज्जनगडावर हात जोडणाऱ्या किती जणांच्या मनात येत असेल की समोरचा राम तमिळ मुलखातून आलेला आहे?

समर्थांच्या परिचयातला आणखी एक माणूस या वाटेनं गेला. रघुनाथ गणेश नवहस्त, म्हणजे आपले नवाथे. भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी त्याचा माग काढला. व्यंकोजींच्या राणी दीपाबाईंचा आश्रय त्याला मिळाला. त्यानं संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. धान्यं, भाज्या, पाणी, भांडी, पदार्थ, कोणत्या ऋतूत काय खावं, सगळं त्यात आहे. जिलबीची कृतीही आहे. स्थलांतर केलेल्या माणसाच्या घरात पहिली चर्चा जेवणाचीच चालते. चाकणला खोली घेतलेली पोरं पहिल्या आठवड्यात ज्वारीचं पीठ मिळणारी गिरणी शोधतात. नवाथ्यांनी ग्रंथ लिहिला एवढाच फरक.

सांबाराला संभाजी महाराजांचं नाव मिळालं, ही कथा तंजावरचा गाईड हमखास सांगतो. कोकम संपलं, चिंच घातली, पाहुण्याला आवडलं, नाव पडलं. कथा गोड आहे आणि तिला पुरावा नाही. मला पुरावा हवा असतो तेव्हा मी तंजावरी मराठी घरातलं डांगर पचडी घेतो. उडदाचं पीठ दह्यात कालवून केलेलं हे साधं तोंडीलावणं. आपल्याकडच्या डांगराचा हा सख्खा भाऊ, फक्त मागं तमिळ आडनाव लावून बसलेला. चिंचेच्या कोळातली आंबट भाजी आहे. पुरणपोळी तर साऱ्या तमिळनाडूत मिठाईच्या दुकानात काचेमागं बसते, ‘पोळी’ याच नावानं, आणि घेणाऱ्याच्या मनातही येत नाही की ही कुठून आली. ती आता त्यांची आहे.

व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांच्या दरबारातलं ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक म्हणजे त्या शहराचा आरसा आहे. पात्रं आपापल्या भाषेत बोलतात: तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत. भाषांतराची सोय नाही, कारण गरज नव्हती. समोर बसलेल्यांना बाजारात, देवळात, कचेरीत हे रोज ऐकायची सवय असणार. शहाजींनी स्वतः ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ तेलुगूत लिहिलं. मराठी राजा, तमिळ प्रजा, काव्य तेलुगूत! आजच्या एखाद्या अस्मितावाल्या संघटनेनं त्यांना पहिल्याच अंकात निवेदन दिलं असतं. आणि त्याच राजाच्या काळात, १६९० च्या आसपास, ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक तंजावरात झालं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं १८४३ मध्ये. मराठी नाटकाचा जन्म कुठं झाला यावर अभ्यासक वाद घालतील. मला एवढंच दिसतं की मराठीला रंगमंच सुचला तो दुसऱ्या भाषांच्या शेजारात.

या साखळीतलं सगळ्यात नवलाचं पुस्तक दुसऱ्या सरफोजीराजांचं. सरफोजी (१७९८ ते १८३२ गादीवर) हा माणूसच अनेक देशांचं मिश्रण होता. त्याला घडवलं ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यानं. श्वार्ट्झ वारला तेव्हा या हिंदू राजानं लंडनचे शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. या सरफोजीनं ‘देवेंद्र कोरवंजी’ लिहिली. कुरवंजी हा तमिळ लोकनाट्याचा प्रकार. डोंगरातली भविष्य सांगणारी कुरत्ती येते, नायिकेचा हात बघते, तिचा प्रियकर कोण ते सांगते. सरफोजींनी ही कुरत्ती घेतली, तिला मराठी बोलायला लावलं आणि तिच्या तोंडी घातला जगाचा भूगोल. खंडं, देश, समुद्र. हात बघणारी बाई युरोप सांगते! तमिळ साचा, मराठी भाषा, युरोपातून आलेली विद्या. ही सरमिसळ कुणी ठरवून, समिती नेमून केलेली नाही. राजवाड्याच्या अंगणात जे होतं ते त्यानं एका पातेल्यात टाकलं.

त्याच राजवाड्यात त्यांनी देवनागरी छापखाना काढला. इसापनीतीचं मराठी ‘बालबोध मुक्तावली’ या नावानं १८०६ मध्ये तिथून छापून निघालं. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि छापखान्याचा पत्ता नव्हता.

बृहदीश्वराच्या आवारात नैऋत्येकडच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास कोरवून घेतला. मजकूर सिद्ध केला त्यांच्या चिटणिसानं, बाबूरावानं. चोळांच्या हजार वर्षांच्या दगडी देवळात, जिथं पायथ्याचा प्रत्येक थर तमिळ अक्षरांनी भरलाय, तिथं अचानक आपली अक्षरं समोर येतात. मी उभ्यानं वाचू लागलो. चार ओळींनंतर मान अवघडली. मागं एक तमिळ कुटुंब थबकलं. मुलीनं इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला हे वाचता येतं?” येतं म्हटल्यावर तिच्या वडिलांनी विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, आमचे पूर्वज कोण, कुठून आले, काय केलं. ते हसले. “सगळे हेच लिहितात,” म्हणाले आणि पुढं गेले. बरोबरच बोलले ते. राजराज चोळानंही तेच लिहिलंय, शंभर पावलांवर.

इथं थोडं पाणी ओतायला हवं, नाहीतर हे सगळं ‘सुवर्णयुग’ होऊन बसेल. मराठी लोक तंजावरात पातळ साय होते. खाली कावेरीच्या काठचा तमिळ कुळवाडी भात पिकवत होता आणि नाटकं, ग्रंथ, अन्नछत्रं यांचा खर्च त्याच्या सारावसुलीतून निघत होता. अर्काटच्या नवाबानं इंग्रजांच्या मदतीनं १७७३ मध्ये राज्य घेतलं, ते १७७६ मध्ये परत मिळालं. पाठोपाठ १७८१ मध्ये हैदर अलीच्या फौजांनी मुलूख जाळला. सोसलं ते त्याच कुळवाड्यानं. सरफोजींच्या हाती तर शेवटी किल्ला आणि पेन्शन उरली, कारभार कंपनीकडं. हा परप्रांतीय राज्यकर्ता होता, बोअरच्या गाडीवरचं पोरगं नव्हतं. त्याला भाषा निवडायची मुभा होती. पोराला आकडे शिकावेच लागतात.

तरी या राज्यकर्त्यांनी एक गोष्ट केली, तीच टिकली. आपलं ते कुलुपात ठेवलं नाही. प्रतापसिंह राजांनी नागूरच्या दर्ग्याचा सगळ्यात उंच, १३१ फुटांचा मिनार बांधून दिला. रामेश्वरच्या वाटेवर छत्रं बांधली, तिथं ब्राह्मणापासून अस्पृश्यापर्यंत सगळ्या वाटसरूंना शिधा होता. आणि कीर्तन. हा माझ्या मते सगळ्यात मोठा ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवा तंजावरात कीर्तनं करत. ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवा घाट दिला: पूर्वरंगासारखी बांधणी, मध्ये साकी, दिंडी, ओवी, सोबत कर्नाटक राग. आज चेन्नईच्या सभांमध्ये मैफलीच्या शेवटी अभंग झाला नाही तर श्रोते चुकल्यासारखे उठतात. गाणारा तमिळ, ऐकणारे तमिळ, विठ्ठलाचा उच्चार थोडा वेगळा. तक्रार करायला तिथं कुणी मराठी शिल्लक असलाच तर तोही माना डोलावत असतो.

लावणीचंही तसंच. तंजावर भागात मदनदहनाच्या सणाला, म्हणजे आपल्या होळीच्या सुमारास, तमिळ लावणीचे सामने झडत. एक बाजू म्हणे मदन जळला, दुसरी म्हणे जळलाच नाही. डफावर सवाल-जवाब. आपल्या कलगीतुऱ्याच्या फडाची आठवण न येणं अशक्य. हे गाणारे शेतकरी, मजूर, कारागीर होते, दरबारी पंडित नव्हेत. लावणीचं मूळ तमिळ नाही, याची त्यांना पर्वाही नव्हती.

राज्य १८५५ मध्ये बुडालं. दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि इंग्रजांनी खालसा केलं. मग खरी परीक्षा. सत्ता गेली, परप्रांतीय राहिले. आता ते नुसते अल्पसंख्य. त्यांनी इंग्रजी शिकायचा धडाका लावला. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले टी. माधवराव आधी त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. मल्हाररावांना काढून टाकल्यावर विस्कटलेलं संस्थान सावरायला, आणि लहान सयाजीरावांना तयार करायला, हा तंजावरी मराठी माणूस आला. दोनशे वर्षांनी घराणं उलट्या दिशेनं चाललं, आणि बडोद्याच्या मराठी मंडळींना तो ‘मद्रासी’ वाटला असल्यास नवल नाही. चेन्नईत १९१२ मध्ये ‘महरट्टा एज्युकेशन फंड’ निघाला, मुलांच्या शिक्षणाला मदत करण्यासाठी. नावापुढं ‘राव’ उरलं, घरात मराठी उरली, बाहेर तमिळ.

ती घरातली मराठी आपल्याला ऐकायला मजेची वाटते. आपण हसतो. पाहुणा म्हणून गेलेला पुणेकर तर दुरुस्तही करतो. मी एकदा एका वृद्ध गृहस्थांसमोर हे होताना पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, “आम्ही शिवाजीच्या काळात निघालो. तेव्हा तुम्ही काय बोलत होतात, ते तुम्हालाही आठवत नाही.” पुढं त्यांनी कॉफी मागवली, तमिळमध्ये.

आणि इथं महाराष्ट्रात, अमुक वर्षांत मराठी शिकलात नाही तर याद राखा, म्हणून आपण टॅक्सीवाल्याला, फरसाणवाल्याला दम देतो. त्याच दिवशी संध्याकाळी व्यासपीठावर तंजावरचा अभिमान सांगतो. मराठी शिकावी, जरूर शिकावी. मीही शिकवतो. पण तंजावरच्या भोसल्यांना कुणी ही मुदत घातली असती तर? पहिल्या पिढीतल्या किती सरदारांना धड तमिळ येत असेल? आपल्या पोरांनाही पुण्यात ‘मराठवाड्याची भाषा’ म्हणून हसू सोसावं लागतं आणि ती सहा महिन्यांत ‘हाय’चं ‘आहे’ करून घेतात. माणूस जिथं पोट भरतं तिथली भाषा शिकतोच. आधी आकडे, मग शिव्या, मग भाज्यांची नावं.

सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीची तीन हजारांहून जास्त हस्तलिखितं आहेत. रामदासी वाङ्मयही त्यात भरपूर. शिवाय दरबारचे मोडी कागद, रुमालच्या रुमाल. स्वयंपाकघरातला तांदूळ, हत्तीचा चारा, नर्तकीचा शालू, डॉक्टरच्या औषधाचा खर्च, सगळं त्या मोडीत लिहिलेलं. महाराष्ट्रात मोडी सफाईनं वाचणारे कमी झाले. तंजावरला १९८१ मध्ये तमिळ विद्यापीठ झालं. त्या विद्यापीठानं या मोडी कागदांतल्या निवडक भागाचा तमिळ अनुवाद करून, टिपा जोडून, खंड प्रसिद्ध केले. त्यामुळं आता अशी गत आहे की तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात गुरुवारी काय शिजलं हे ज्या पुणेकर अभ्यासकाला हवं असतं, आणि ज्याला मोडी येत नाही, तो मुकाट्यानं एखाद्या तमिळ मित्राला फोन लावतो.